करडा ठिपका

दवाखान्याच्या बाकावर बसून श्रीरंग फोनवर कंपनीच्या माणसावर खेकसत होता. "कोशिंबिरीत दाण्याचं कूट होतं, तरी तुमचा चमचा हिरवाच! माझ्या पोरीला दाण्याची ॲलर्जी आहे, तिचा श्वास बंद पडत होता!"

"साहेब, चमच्याच्या टोकाशी करडा ठिपका दिसतोय ना? तिथे चिकटवलेले रेणू दाण्याचा अंश पकडतात. तेवढंसं वजन वाढलं तरी चमचा लाल होतो."

श्रीरंगने चमचा उजेडात धरला. "इथे ठिपकाबिपका काही नाही."

"कुणी घासला का?"

"काहीतरीच काय! फक्त पाण्यातून काढायचा, हे घरात सगळ्यांना सांगितलंय."

शेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीने, कुमुदने, हात पदराखाली घेतले. नवं भांडं घासल्याशिवाय लेकराच्या तोंडाला कसं लावायचं, म्हणून सकाळी तिने तो तारेच्या घासणीने घासला होता. एक करडा डाग काही केल्या निघत नव्हता. तो निघाल्यावर तिला केवढं बरं वाटलं होतं.

दार उघडून नर्स म्हणाली, "इरा आता बरी आहे. पाणी आत्याच्याच हातून पिणार म्हणते."

कुमुद उठली, पण दाराकडे गेली नाही.

"श्रीरंग," ती म्हणाली, "तो फोन आधी माझ्याकडे दे."