लिंबाखालचा दगड

जर्मनची लढाई थांबली, त्या उन्हाळ्यात आसराबाईनं लेक द्वारका टेंभुर्णीला दिली. घरात ती आणि मोत्या एवढेच राहिले. मोत्या म्हातारा धनगरी कुत्रा. मेंढरं गेली, तो राहिला.

सकाळी बाहेर बसायला मोत्याला एकच जागा ठाऊक होती, गावाबाहेरची रेणुकाईची राई. राईत सारं गाव अनवाणी जाई. एक दिवस राईचा राखणदार रखमाजी याचाच पाय घाणीत पडला.

"आसराबाई, उद्या कुत्रं राईत दिसलं तं काठी घालीन."

"आमची मेंढरं व्हती तवा ती शेतात बसवा म्हणून लोक पाया पडायचे, रखमाभाऊ. तुमाला एवढ्याचा राग?"

"मेंढराचं खत असतंय. ह्याचं काय असतंय, ते माझ्या पायाला इचार."

आसराबाई नरमली. "दुसरीकडं न्हेलं तं नुसता उभा ऱ्हातो, हगतच न्हाई. आठ दिस द्या. मी मागून उचलीन."

"आठ दिस. मंग बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती खुरपं आणि पळसाचं पान घेऊन मोत्याच्या मागं फिरू लागली. कोपऱ्यातल्या लिंबाखाली तिनं एक खड्डा घेतला. रोजचं त्यात टाकी, माती लोटी आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून वर वाटोळा दगड ठेवी.

आठव्या दिवशी ती आली, तेव्हा रखमाजी लिंबाखाली उभा होता. दगडाला शेंदूर लागला होता. पुढं नारळ फोडलेला. चतुराबाई पदर सावरत उठत होती.

"रखमाभाऊ, ही देवी कधी आल्ती? म्हशीसाठी नवस बोलले, अन् सांजच्यालाच पान्हावली बघा."

आसराबाईनं हातातलं पान पदराआड लपवलं. रखमाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग मोत्याकडं. मोत्या शेपूट हलवत होता.

"आठ दिस झाले," रखमाजी म्हणाला. "लई जागृत हाये. पण पाया लांबून पडत जा, बाई."

चतुराबाई गेली. रखमाजी खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"आता हा दगड हालवला तं गाव मला मारंल. उद्यापसून खड्डा तिकडं बांधाला घे. अन् वर दगड ठिवू नको, बोरीची काटी ठिव."

"अन् मोत्या?"

"येऊ दे. ठाणं त्याचंच हाये."

पुढल्या साली भादव्यात चतुराबाई नारळ घेऊन आली आणि सवयीनं लांबच उभी राहिली.

"ये, अशी जवळ ये," रखमाजी म्हणाला. "आता दगडावर डोकं ठिवलं तरी चालंल."

मोत्या पोळ्याच्या करीला मेला होता. रखमाजीनं रातोरात, गावाला कळू न देता, स्वतः खड्डा घेऊन त्याला त्या दगडाखाली पुरलं होतं.