लसूण वर्ज्य

“लसूण सोडला. पाठोपाठ कांद्यालाही नारळ दिला,” टाकीवाल्याची बायको म्हणाली. “यांच्या तोंडाचा वास आहे तिथंच आहे, डॉक्टरसाहेब.”

तिनं नवऱ्याचे केसपेपर टेबलावर पसरले. आठ महिने, आठ कागद. प्रत्येकावर कारखान्याच्या डॉक्टरांच्या वळणदार अक्षरात एकच सल्ला: लसूण वर्ज्य.

दुसऱ्याच कुणीतरी लिहिले असावेत, अशा कुतूहलानं डॉक्टर ते वाचू लागले.

तिचा नवरा गाळाच्या टाकीवर होता. तांबं शुद्ध केलं की तळाशी काळा गाळ उरतो. तो कवडीमोल होता तेव्हा ओढ्यात सोडत, मासे मेले. आता त्यातला एक धातू सोलर पॅनेलला लागतो, म्हणून तोच गाळ माणसं उभी करून ढवळतात. हा माल जगात मोजक्याच ठिकाणी निघतो. एका देशानं निर्यात बंद केल्यापासून मॅनेजर प्रत्येक बैठकीत सांगत, “आपली टाकी आठ दिवस थांबली, तर जग अंधारात जाईल.” जगाचा एवढा भार डोक्यावर असताना बारीकसारीक गोष्टींकडे कोण बघणार?

बारीकसारीक गोष्ट एवढीच, की त्या धातूची वाफ अंगात गेली की श्वासाला लसणाचा वास येतो. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. पण फॉर्मवर ‘आजाराचं कारण’ असा रकाना होता, आणि त्यात धातूचं नाव आलं की टाकी बंद करून तपासणी करावी लागे. पहिल्या कामगाराच्या वेळी त्यांनी थट्टेनं ‘लसूण’ लिहिलं. थट्टा वरच्या ऑफिसात पसंत पडली. तेव्हापासून त्या खात्यातल्या बावीसच्या बावीस जणांना लसूणच बाधत होता.

“चोरून खात असेल,” डॉक्टर म्हणाले. “नवऱ्यांचा काय भरवसा?”

“मलाही तेच वाटलं. म्हटलं, सासूबाईच माझ्या माघारी लेकाचे लाड पुरवतात. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हटलं, खोटं बोलायला निदान माझी पोर तरी वापरू नका.” ती जरा थांबली. “त्याच दिवशी पिशवी भरून नणंदेकडे गेल्या. दोन महिने झाले. फोनसुद्धा उचलत नाहीत.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

“मग यांचे कामाचे कपडे मी वेगळे धुवायला लागले. घासून घासून. आता वास माझ्याही तोंडाला येतो.”

“मग तुम्हीही लसूण...” सवयीनं डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

मांडीवरचं दुपटं उचलून तिनं टेबलावरून त्यांच्यासमोर धरलं. आतली पोरगी जागी होती. तिनं डॉक्टरांकडे नीट निरखून पाहिलं आणि त्यांच्या नाकाखाली एक लांबलचक जांभई दिली.

डॉक्टर मागे सरकले.

“पाच महिन्यांची आहे,” आई म्हणाली. “अजून दात नाहीत. माझ्या दुधाशिवाय काही माहीत नाही. ही कुठं चोरून खाते, तेवढं सांगा.”

मग डॉक्टरांनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला. वयाच्या रकान्यात ‘पाच महिने’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात ‘टे’ लिहिलं, आणि पेन थांबलं. अकरा वर्षांच्या नोकरीत तो शब्द त्यांनी एकदाही लिहिला नव्हता.

“काय अडलं?”

“त्या धातूचं नाव,” ते हळूच म्हणाले. “ऱ्हस्व की दीर्घ, तेच...”

“तुमच्या मागं कंपनीचं कॅलेंडर आहे की. हातभर अक्षरांत तेच नाव आहे.”

डॉक्टरांनी खुर्ची वळवायला घेतली. ती करकरली, पण हलेना. त्यांनीही फार जोर लावला नाही.

तिनं पोरगी खांद्यावर टाकली आणि त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं.

“ल्यु,” ती म्हणाली. “पहिला उकार. लिहा.”