तिसरी तबकडी

"थांबा. आधी सुई बदला," दुर्गाबाई म्हणाल्या. "एका सुईवर दोन बाजू वाजवणे म्हणजे एका पत्रावळीवर दोन पंक्ती उठवणे."

त्यांच्या घरी कामाला असलेल्या रतनबाईंनी नवी सुई बसवली. त्या मूळच्या जवळच्या कुरुळी गावच्या. सिंफनी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हते. पण किल्ली किती फिरवायची आणि तबकडी कुठे धरायची हे वसाहतीत त्यांच्याइतके कोणालाच जमत नसे.

पिंपरीच्या औषध कारखान्याच्या वसाहतीत १९५७ च्या त्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी ही बैठक भरे. दुर्गाबाई संगीत मंडळाच्या अध्यक्षा, त्यांचा मुलगा कारखान्यात मोठा अधिकारी, आणि ग्रामोफोन त्यांचा. अर्जुनराव मंडळाचे चिटणीस. कारखान्यातली भुकटी त्यांच्या घशात कायमची वस्तीला आली होती.

पुण्याच्या एका संग्राहकाने मंडळापुढे अदलाबदल ठेवली होती. दुर्गाबाईंकडे एका जर्मन सिंफनीचा सहा तबकड्यांचा जुना संच होता. तो संपूर्ण मिळाल्यास त्याच सिंफनीची नवी, सलग वाजणारी लाँग-प्ले तबकडी तो मंडळाला कायमची देणार होता. वर्धापनदिनी परदेशी पाहुण्यांना हीच रचना ऐकवायची होती.

"जे ध्वनिमुद्रण श्रेष्ठ ठरेल ते मंडळाचे," दुर्गाबाईंनी सर्वांसमक्ष शब्द दिला होता. त्यांचा शब्द फिरल्याचे कोणी ऐकले नव्हते.

चारपैकी तीन भागांची तुलना झाली होती. दुसरा, संथ भाग त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

अर्जुनरावांनी घसा खाकरला. दुर्गाबाईंनी पितळी डबी पुढे सरकवली.

"ज्येष्ठमध धरा तोंडात. माझ्या बैठकीत खोकलेले चालत नाही."

"आज रविवार आहे, बाई. घशालाही सुट्टी द्या की," शेजारच्या सुमनताई हसून म्हणाल्या.

"घशाला द्या. शिस्तीला नाही."

आधी संग्राहकाने ऐकायला दिलेली नवी तबकडी मंडळाच्या विजेच्या यंत्रावर लागली. व्हायोलिने एकामागून एक उलगडत गेली. मध्ये खंड नाही, खरखर नाही. दुर्गाबाई ताठ बसून होत्या. त्यांच्यामागे भिंतीवर त्यांच्या यजमानांचे, डॉक्टरसाहेबांचे छायाचित्र होते. ते पुढच्या शिक्षणासाठी व्हिएन्नाला गेले होते आणि तिकडेच फुप्फुसाच्या आजाराने वारले. हा संच त्यांच्यामागे पाच महिन्यांनी बोटीने आला. सहाध्यायाने आठवण म्हणून पाठवला होता.

मग जुना संच. तिसरी तबकडी, पहिली बाजू. दुर्गाबाईंनी डोळे मिटले.

बाजू संपली तसे अर्जुनराव उसळले. "ऐकलंत? बासऱ्या किती दूरच्या वाटतात! आणि ऐन नाजूक जागी कोणी तरी खोकतो. दोनदा!"

"तीनदा," दुर्गाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी त्याने तोंडावर रुमाल धरला आहे."

सुमनताईंनी कौतुकाने मान हलवली. "काय कान आहेत तुमचे!"

अर्जुनरावांनी वेष्टनावरचा मजकूर वाचला. "व्हिएन्नाच्या सभागृहात, श्रोत्यांसमोर मुद्रित. तरीच! असल्या माणसाला दारातच अडवायला हवं होतं, राव."

"घरीच थांबवायला हवे होते," दुर्गाबाई म्हणाल्या. मग त्यांनी निकाल दिला. "नवे मुद्रण श्रेष्ठ आहे. लय अधिक स्थिर, स्वर अधिक स्वच्छ. यात दुमत नको."

अर्जुनरावांनी वेष्टन खाली ठेवले. यजमानांची आठवण म्हणून बाई जुन्याची बाजू घेतील, अशी त्यांची खात्री होती.

"संच उद्या घेऊन जा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी दारातच खोका उघडून पाहिला. आत पाच तबकड्या होत्या.

"तिसरी राहिली, बाई."

"राहिली नाही. ठेवली."

"पण अपुरा संच तो घेणार नाही. आणि तुम्ही तर शब्द..."

"शब्द मी मोडला. तसे इतिवृत्तात माझ्या नावानिशी लिहा. अध्यक्षपद आजपासून सुमनताईंचे."

"त्या एका तबकडीसाठी?" अर्जुनराव काकुळतीला आले. "मला फक्त कळू द्या. पहिलीवर तो डौलदार आरंभ आहे, सहावीवर शेवटचा जल्लोष. त्यातली एखादी ठेवली असती तर समजलो असतो. सगळ्यांत बिघडलेली तीच तेवढी का?"

"आवाज तोच, अर्जुनराव. कोणाला बिघाड वाटतो, कोणाला नाही," त्या म्हणाल्या. "सावकाश जा. पायरी निसरडी आहे."

ते दिसेनासे होताच त्यांनी रतनबाईंना हाक मारली.

"नवी सुई घाला."

"बाई, झिजलीया वो ती तबकडी," रतनबाई म्हणाल्या. "आता लई दिस न्हाई वाजायची."

"ठाऊक आहे. लावा, आणि दार ओढून घ्या."

व्हायोलिने मंद झाली. खरखरीतून सभागृहाची शांतता वर आली, आणि तिच्यात कोणी तरी खोकले. एकदा. पुन्हा. मग रुमालाआड.

दुर्गाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि पितळी डबी तबकडीजवळ सरकवली.

"अहो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "निघताना तुमच्या पेटीत ज्येष्ठमध घातला होता ना मी?"