शंभरावा तुकडा

बाळ पायाळू होतं आणि दवाखान्याकडे नेणारी धरणावरची लाँच सकाळपासून बंद होती. मंजुळा सिस्टरने असं बाळंतपण कधी केलं नव्हतं, म्हणून ती ते कसब गावाकडून मागून घेत होती. ते कुणा एकाकडे नव्हतं. त्याचे शंभर तुकडे शंभर माणसांच्या डोक्यांत ठेवलेले होते आणि कानामागच्या जोडणीतून ते एकाकडून दुसऱ्याकडे जात. एक न्हाव्याकडून आला, एक पोस्टमनकडून. देणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळत नव्हता. मंजुळाच्या हातांना मात्र हळूहळू सगळं उमगत होतं.

नव्याण्णव तुकडे आले आणि काम अडलं.

"डोकं कसं सोडवायचं तेवढंच राहिलंय. कुणाची जोडणी बंद आहे?"

"कुणाचीच नाही," बाळंतिणीच्या सासूबाई हौसाबाई म्हणाल्या. "घरोघर विचारून आले."

मंजुळाने खाटेवरच्या तारकाकडे पाहिलं. "आणि हिची?"

"बाळंतिणीची बंदच ठेवतात, बाई. नाहीतर कळा साऱ्या गावाला लागतात."

"लागू देत की!" तारका ओरडली. "मी एकटीनंच काय म्हणून?"

हौसाबाईंनी सुनेच्या कानामागची कळ दाबली. बाहेर न्हावी पोट धरून मटकन खाली बसला. मंजुळाही कळवळली, पण शेवटचा तुकडा आला होता. तिची बोटं आपोआप बाळाच्या हनुवटीकडे वळली.

बाळ रडलं. दारातून पोस्टमनने क्षीण आवाजात विचारलं, "वहिनी, आता बंद करता का?"

"थांबा की भावजी," तारका म्हणाली. "अजून वार पडायचीय."