बायकोची साक्ष

"फोन केलात की नाही, एवढंच सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"केला," ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या दादानं कपाळावरून हात फिरवला. तो वकील होता आणि सकाळपासून बहिणीला एकच गोष्ट पढवत होता, की विचारतील तेवढंच बोल. पण ती पडली मानसतज्ज्ञ. सगळी हयात लोकांना मनातलं बोला म्हणत आलेली. स्वतःवर वेळ आल्यावर तोंड शिवून बसणं तिला जमेना.

"हा माणूस माझ्यासमोर बसून बायकोला कसं मारणार ते सांगत होता. आवाज चढवला नाही, रडला नाही. झोपेत तोंडावर उशी दाबायची, बस्स. मी हादरले. तो जिना उतरत असतानाच त्याच्या घरी फोन लावला. म्हटलं, बाई, घरात थांबू नका."

"त्या काय म्हणाल्या?"

"दबक्या आवाजात 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतर कितीदा लावला, पण उचललाच नाही."

मानसतज्ज्ञांना परवाना देणारी, आणि वेळ पडली तर काढून घेणारी ही परिषद एका जुनाट सरकारी इमारतीत भरायची. लांबलचक टेबल, झाकण घातलेले पाण्याचे ग्लास, घरघरणारा पंखा. टेबलाच्या त्या टोकाला तक्रारदार बसला होता. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. इस्त्रीचा शर्ट, गरीब चेहरा.

"स्वप्न सांगत होतो साहेब मी," तो म्हणाला. "असली स्वप्नं पडतात म्हणून तर यांच्याकडे गेलो. विश्वासानं बोललो, आणि यांनी माझ्या संसारात विष कालवलं."

नियम साफ होता. पेशंटनं सांगितलेलं बाहेर फोडायचं तर कुणाच्या तरी जिवाला खरोखर धोका असायला हवा. तो होता हे सिद्ध कसं करायचं? पोलिसांनाही तिनं कळवलं होतं. ते दुकानात गेले, बायको गावाला गेलीय हे ऐकलं आणि चहा पिऊन परत आले.

"त्यांच्या पत्नीला बोलवा," अध्यक्ष म्हणाले.

दादा सावरून बसला. सगळी भिस्त आता या साक्षीवर होती.

दारातल्या कारकुनानं बाईंचं ओळखपत्र बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि हसून परत दिलं. "या फोटोंसारखं जगात कुणी दिसत नाही बघा." बाईही हसल्या आणि आत आल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. नवऱ्याशेजारी बसून त्यांनी पर्स मांडीवर घेतली.

त्यांना धडधाकट बघून तिला हायसं वाटलं. या बाईच्या काळजीनं तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"घरी काही त्रास?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही हो."

"मारहाण? धमक्या?"

"झुरळ मारायचं असलं तरी हे मला हाक मारतात."

अख्खं टेबल हसलं. चष्मेवाला चक्क लाजला.

"या मॅडमचा फोन आला होता?"

"आला होता." बाईंचा आवाज कापला. "तेव्हापासून नवऱ्याशेजारी झोपायची भीती वाटते मला. यांनी काही केलं म्हणून नाही. त्या बोलल्या म्हणून."

खोलीत कुणी हसलं नाही. तिला पहिल्यांदाच स्वतःच्या कानांची शंका आली. खरंच स्वप्न सांगत होता का तो? घाईत 'स्वप्नात' हा एक शब्द आपल्या ऐकण्यातून निसटला असेल का?

परवाना रद्द झाला. दादा कोपर मारत असतानाही ती उठली आणि हात जोडून दोघांची माफी मागितली. बाईंनी पुढे येऊन तिचा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नका, ताई. चुकतं माणसाचं."

चष्मेवाला मात्र कारकुनापाशी अडून बसला होता. "निकालाची प्रत मिळेल ना? हिची साक्ष असेल ना त्यात?"

"पोस्टानं येईल."

"नको. थांबतो मी."

दवाखान्याची पाटी दादानंच उतरवली. काही पेशंट तरीही यायचे. आईच्या मृत्यूनंतर बोलेनाशी झालेली आणि आता कुठे वाक्यं बोलू लागलेली एक मुलगी बराच वेळ दार वाजवत राहिली. "मॅडम, मी आहे." ती आत भिंतीला टेकून उभी राहिली. परवान्याशिवाय दार उघडलं असतं तर तो गुन्हा ठरला असता.

मग एका सकाळी एक इन्स्पेक्टरबाई आल्या. खुर्चीच्या कडेला टेकल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"चष्मेवाल्याची मेहुणी परदेशातून आलीय. बहीण फोन घेत नाही, भेटत नाही, म्हणून हटूनच बसली. काल त्याच्या गोदामातली फरशी उकरली आम्ही. अंगठीवरून बहिणीनं ओळखलं."

मारलंच त्यानं शेवटी. आणि आपण त्याच्यापुढे हात जोडले! बाईंचा तो उबदार हात आठवून ती ढसाढसा रडली.

"तुम्ही ओरडून सांगत होतात," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "पण बायकोनं परिषदेसमोर दिलेली साक्ष त्यानं आमच्या तोंडावर फेकली. मग कोण काय करणार? आता तुमचा जबाब हवाय. तिला समोरासमोर बघितलंय तुम्ही."

त्यांनी पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. लग्नातला होता. तरुण चष्मेवाला, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी एक उंच, हडकुळी, लांबट चेहऱ्याची मुलगी.

"हीच ना त्याची बायको?"

तिनं डोळे पुसले. फोटो उजेडात धरला.

"ही कोण?" तिनं विचारलं.