गोडं पाणी

वादळात समुद्र वस्तीच्या विहिरीत शिरला, त्याला अठरा दिवस झाले. मदतीला आलेला पंपवाला रोज विहीर उपसायचा आणि नवं झिरपलेलं पाणीही खारटच निघायचं. मदतकार्य पाहणाऱ्या सरकारी साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, "आजही पाणी गोडं नसेल, तर दुपारच्या ट्रकने सगळ्यांनी वस्ती सोडायची." पंपवाल्याने पेला भरून घोट घेतला आणि थुंकला. तेवढ्यात एका म्हातारीने पेला हिसकावला, डोळे मिटून घटाघटा रिकामा केला. ती ओरडली, "गोडं आहे! साहेबांना सांग." "मावशी, निव्वळ मीठ आहे हे!" "असू दे. होडी घेऊन गेलेला माझा लेक अजून परतला नाही. तो आला आणि इथे चिटपाखरूही नसलं, तर हाक कुणाला मारील?" तिला उमासा आला. साहेब आलेच. "गोडं होतंय, साहेब, अजून दोन दिवस द्या," म्हणत पंपवाल्याने पंपाची दोरी ओढली.