विमानानं आलेला नवरा

गोवा राज्य झालं त्याच वर्षी, डिसेंबरात, इब्रामपूरच्या दादूनं लेकीचं, विनोदिनीचं, लग्न काढलं. नवरदेव उल्हास मुंबईचा, मोठ्या हुद्द्याचा. रात्रभर बसमध्ये अंग मोडत येणं त्याला कसं शोभणार?

"मामा, वऱ्हाड येऊ दे बसनं. मी सकाळच्या विमानानं निघतो. सव्वाचारशे किलोमीटर, एका तासात दाबोळी!"

दादूनं हे साऱ्या वाड्यावर कौतुकानं सांगितलं.

लग्नादिवशी वऱ्हाडाची बस हद्दीवरच्या पत्रादेवी नाक्यावरून सरळ गावात शिरली. आठ वाजता मंडळी मांडवात चहा पीत होती. नवरदेवही शब्दाला जागला. बरोबर तासाभरात दाबोळीला उतरला. पण विमानतळ मांडवीच्या पलीकडे, आणि पणजीचा पूल आदल्या वर्षीच पडलेला, त्यामुळे त्याची टॅक्सी फेरीबोटीच्या रांगेत अडकली ती अडकलीच. सव्वाबाराचा मुहूर्त टळला. दादूला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"काय रे दादू, जावय अजून वरच फिरता?" शेजाऱ्यानं विचारलं.

साडेतीनला उल्हास घामाघूम होऊन पोचला. भटजींनी पंचांग चाळून गोरज मुहूर्त शोधला आणि कशाबशा अक्षता पडल्या.

पाठवणीच्या वेळी उल्हासनं ऐटीत खिशातून परतीची दोन विमानतिकिटं काढली. दादूनं लेकीकडे पाहिलं, तर ती वऱ्हाडाच्या बसमध्ये सासूशेजारी जाऊन बसलेली.

"तुमी येवा सावकाश विमानान," ती खिडकीतून नवऱ्याला म्हणाली. "मी फुडे जावन घर झाडून ठेवतंय."